बळ आणि दम यांचे मोजमाप : उपकरणे, त्यांच्या उणिवा आणि आपले कर्तव्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने नागपूर येथे भौतिकोपचार विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वार्षिक सभेत सामान्यतः किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती खाटा वाढल्या याचा आढावा घेतला जातो. तो आढावा आपल्यापुढे सादर झालेलाच आहे. मला आज एका निराळ्या मोजणीविषयी बोलावयाचे आहे. आपल्याकडे आलेल्या माणसाच्या अंगात किती बळ आहे, ते किती वेळ टिकते, आणि उपचारानंतर त्यात किती भर पडली, हे आपण कशाने मोजतो आणि ते मोजणे कितपत विश्वासार्ह आहे, हा माझा विषय आहे. भौतिकोपचार विभागासाठी नवी उपकरणे घेण्याचा विचार विश्वस्त मंडळापुढे असल्याने या विषयाला व्यवहाराचीही बाजू आहे. देणगीचा प्रत्येक रुपया कोठे लावावा, हे ठरविण्यास या विवेचनाचा उपयोग व्हावा, अशी माझी अपेक्षा आहे.

प्रारंभी दोन शब्दांतील भेद स्पष्ट करतो. आपल्या आखाड्यांनी तो फार पूर्वीच ओळखला होता. जड नाल एकदा उचलून दाखविणारा गडी निराळा आणि पाचशे बैठका न थांबता काढणारा गडी निराळा, हे कोणत्याही वस्तादाला सांगावे लागत नाही. पहिल्याजवळ बळ असते, दुसऱ्याजवळ दम असतो. विदर्भाला व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे सादर केली. रुग्णालयातही हे दोन गुण निरनिराळेच मोजावे लागतात. एखाद्या आजारात बळ आधी जाते, एखाद्यात दम आधी सरतो. ज्या रुग्णाची पहिली मूठ घट्ट आणि दहावी मूठ सैल असते, त्याचा आजार एकदाच मूठ आवळायला सांगून कळत नाही.

बोटांची पारख आणि तिची मर्यादा

स्नायूंचे बळ पाहण्याची आपली नित्याची पद्धत हाताची आहे. रुग्णाला हात वर करायला सांगायचे, आपण तो खाली दाबायचा आणि किती विरोध होतो ते जोखायचे. या पद्धतीला शास्त्रीय रूप आले ते पोलिओच्या साथींमुळे. अमेरिकेतील बोस्टन येथे रॉबर्ट लोव्हेट या अस्थिशल्यचिकित्सकाने आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती मांडली. पुढे दुसऱ्या महायुद्धात मज्जातंतूंना जखमा झालेल्या सैनिकांच्या तपासणीसाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ साली शून्य ते पाच अशी श्रेणी प्रसिद्ध केली. स्नायू मुळीच हालत नसेल तर शून्य, नुसती थरथर दिसली तर एक, आडव्या पातळीत हालचाल झाली तर दोन, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता आला तर तीन, वरून दाब दिला तरी टिकला तर चार आणि सर्वसामान्य बळ असेल तर पाच. आजही जगभरच्या रुग्णालयांत हीच श्रेणी लिहिली जाते. तिला पैसा लागत नाही, वीज लागत नाही, आणि खेड्यातल्या शिबिरातही ती चालते. ती सोडावी असे मी मुळीच सुचवीत नाही.

परंतु तिची मर्यादा आपण ओळखली पाहिजे. तीन आणि पाच यांच्यामध्ये जो 'चार' आहे, त्याच्या पोटात फार मोठे अंतर दडलेले आहे. कोपर वाकविणाऱ्या स्नायूच्या बाबतीत हात नुसता उचलायला अगदी थोडे बळ पुरते. त्यापुढचे जवळजवळ सगळे बळ या एका आकड्यात सामावते. पोलिओच्या रुग्णांवर विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत उपकरणांनी मोजणी झाली, तेव्हा हाताच्या तपासणीत 'चांगला' ठरलेला मांडीचा स्नायू प्रत्यक्षात निम्म्याहून कमी बळाचा निघाला. मांडीचा स्नायू इतका बलवान असतो, की त्याचे बरेच बळ गेले तरी तपासणाऱ्याच्या हाताला ते कळत नाही. याचा रुग्णाच्या दृष्टीने अर्थ काय? आज 'चार' लिहिले, दोन महिन्यांच्या व्यायामानंतरही 'चार'च लिहिले. रुग्णाचे बळ या काळात दीडपट झाले असेल, तरी कागदावर काहीच फरक दिसत नाही. रुग्ण निराश होतो आणि व्यायाम सोडतो. याच्या उलट, बळ हळूहळू ओसरत असेल तर तेही त्या 'चार'च्या आडोशाला लपून राहते.

जेथे विलंब परवडत नाही

हा प्रश्न केवळ नोंदीच्या नेमकेपणाचा असता, तर मी या सभेचा वेळ घेतला नसता. दोन उदाहरणांवरून त्याचे गांभीर्य आपल्या लक्षात येईल.

पहिले उदाहरण आपल्या विदर्भाच्या मातीतले आहे. कुष्ठरोगाच्या सेवेचा येथला इतिहास आपण सारे जाणता. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाणांनी सुरू केलेले काम, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वरोऱ्यास बाबा आमट्यांचे आनंदवन आणि १९५१ साली स्थापन झालेले वर्ध्याचे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान ही नावे नुसती उच्चारली तरी पुरे. बहुविध औषधोपचाराने या रोगाचे रूप पालटले, आणि २००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले गेले. तथापि रोग संपला असा त्याचा अर्थ नव्हे. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात, आणि खरी हानी जंतूंपेक्षा मज्जातंतूंच्या दाहामुळे होते. कोपराजवळचा मज्जातंतू सुजला की करंगळी बाजूला नेण्याचे बळ कमी होते, मनगटाजवळचा सुजला की अंगठा वर उचलण्याचे, आणि गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा सुजला की पाऊल वर उचलण्याचे. म्हणूनच आरोग्य कर्मचारी प्रत्येक भेटीत या तीन हालचाली तपासतात आणि 'सबळ', 'दुर्बळ', 'लुळा' अशी नोंद करतात.

येथे काळाचे महत्त्व मोठे आहे. अशक्तपणा सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, तर प्रेडनिसोलोनच्या उपचाराने बळ परत येण्याची चांगली आशा असते. त्याहून उशीर झाला तर बोटे वाकतात, आणि मग शस्त्रक्रिया व आयुष्यभराची काळजी उरते. 'सबळ' आणि 'दुर्बळ' यांच्या सीमेवर जो रुग्ण उभा असतो, त्याच्याच बाबतीत बोटांची पारख सर्वांत कमी पडते. दोन चिमटींमधला फरक अर्ध्या किलोपर्यंत नेमका सांगणारे उपकरण हाताशी असेल आणि मागच्या महिन्याचा आकडा वहीत असेल, तर हा रुग्ण निसटत नाही. ज्या हाताने विणकराने धोटा फेकायचा किंवा बाईने भाकरी थापायची, त्या हाताचे भवितव्य त्या अर्ध्या किलोवर अवलंबून असू शकते.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गियाँ-बारे या आजाराची साथ उद्भवली आणि वृत्तपत्रांमुळे हे नाव घरोघरी पोचले. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा काही दिवसांत वर चढतो आणि कधी कधी श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतो. कोरोनाच्या काळापासून आपल्या सर्वांचा बोटावरच्या ऑक्सिमीटरवर मोठा विश्वास बसला आहे. या आजारात मात्र तो विश्वास घातक ठरू शकतो. श्वासाचे स्नायू थकत असतानाही रक्तातील प्राणवायूचा आकडा बराच काळ चांगलाच दिसतो, आणि तो घसरू लागतो तेव्हा हाताशी थोडाच अवधी उरलेला असतो. येथे श्वासाच्या स्नायूंचेच बळ मोजावे लागते. रुग्णाने पूर्ण श्वास घेऊन तो पूर्ण बाहेर सोडला असता किती हवा निघते, आणि बंद नळीतून श्वास ओढताना तो किती दाब निर्माण करतो, या दोन मोजण्या दिवसातून अनेकदा घ्याव्या लागतात. बाहेर पडणारी हवा शरीराच्या दर किलो वजनामागे वीस मिलिलिटरच्या खाली गेली, की कृत्रिम श्वासोच्छ्वासाची तयारी ठेवावी लागते. उपकरण जवळ नसेल तेव्हा एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे मोठ्याने मोजायला सांगतात. काल पस्तिसापर्यंत पोचणारा रुग्ण आज विसाच्या आतच थांबत असेल, तर रात्रपाळीच्या परिचारिकेने डॉक्टरांना तत्काळ बोलावलेच पाहिजे. मोजणीने जीव वाचतो, याचे याहून सरळ उदाहरण मला ठाऊक नाही.

उपकरणे आणि त्यांच्या उणिवा

बळ मोजण्याच्या उपकरणाला डायनामोमीटर म्हणतात. पॅरिसमध्ये एडमे रेन्ये यांनी १७९८ साली लंबगोल पोलादी कमानीचे असे उपकरण प्रसिद्ध केले. कमान दाबली की काटा फिरे. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांत कमानीच्या जागी तेल, हवा आणि शेवटी विद्युत आली. आज हाताची पकड मोजण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे, तेलाच्या दाबावर चालणारे जामर उपकरण १९५० च्या दशकातले आहे. त्याची मूठ लहानमोठ्या हातांसाठी पाच ठिकाणी बसविता येते. रुग्णाने खुर्चीत सरळ बसावे, कोपर काटकोनात असावे, मनगट आधाराशिवाय सरळ असावे आणि तीन प्रयत्नांची सरासरी घ्यावी, असा संकेत ठरलेला आहे.

एवढी साधी मोजणी किती बोलकी असते, हे १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या 'प्युअर' नावाच्या अभ्यासाने दाखविले. त्यात भारताचाही समावेश होता आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पकड दर पाच किलोने कमी असेल, तर पुढील काही वर्षांत मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक आढळला. मूठ बळकट केली की आयुष्य वाढते असा याचा अर्थ होत नाही. पकड ही सर्व शरीराच्या शक्तीची खूण आहे, एवढेच त्यातून घ्यावे. वयोवृद्धांचा स्नायूक्षय ओळखण्यासाठी आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली पुरुषांना २८ किलो आणि स्त्रियांना १८ किलो ही पकडीची सीमा सुचविली, तीही याच मोजणीवर आधारलेली आहे.

आता उणिवा सांगतो. पहिली उणीव अशी, की बहुतेक उपकरणे निरोगी माणसासाठी घडविलेली असतात. तेलाच्या उपकरणावर अगदी दुबळ्या हाताने कितीही प्रयत्न केला तरी काटा जागचा हालत नाही. संधिवाताच्या रुग्णाला तर लोखंडी मूठ दाबताना वेदना होते, आणि मग आकडा बळाचा नसून वेदनेचा असतो. यावर एक जुना आणि उत्तम उपाय आहे. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राची पिशवी गुंडाळून २० मिलिमीटरपर्यंत फुगवायची आणि रुग्णाला ती दाबायला सांगायची. पारा किंवा काटा जितका वर जाईल ती नोंद. मऊ असल्याने ती दुखत नाही आणि थोडेसे बळही तिच्यावर उमटते. मात्र ही नोंद किलोत बदलता येत नाही, कारण दाब हा हाताच्या आकारावरही अवलंबून असतो. तसेच नागपूरच्या उन्हाळ्यात रबर कडक होते आणि चिरते. पिशवी गळत असेल तर रुग्णाचे बळ कारण नसताना कमी दिसते.

दुसरी उणीव तरफेच्या नियमाची आहे. पायाचे बळ मोजताना उपकरण गुडघ्यापासून किती अंतरावर टेकविले, यावर आकडा ठरतो. तेच बळ ३० सेंटिमीटरवर १२ किलो दाखवील आणि २० सेंटिमीटरवर १८ किलो. आज एका उपचारकाने घोट्याजवळ मोजले आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याने पोटरीच्या मध्यावर, तर रुग्णात दीडपट सुधारणा झाल्याचा भास होईल. अंतर मोजून लिहिले की ही चूक टळते. त्यासाठी शिंप्याच्या फितीपलीकडे काही लागत नाही.

तिसरी उणीव उपचारकाच्या स्वतःच्या बळाची. हातात धरायच्या उपकरणाने आपण फक्त तेवढेच मोजू शकतो, जेवढे आपण रोखून धरू शकतो. एखादी सडपातळ तरुण उपचारिका हमाली करणाऱ्या माणसाचा पाय रोखू शकत नाही. मग तो आकडा रुग्णाच्या पायाचा राहत नाही, तिच्या हाताचा होतो. याचे उत्तर म्हणजे उपकरण पट्ट्याने खाटेच्या किंवा भिंतीच्या भक्कम आधाराला बांधणे. खाट मात्र हलता कामा नये.

चौथी उणीव माझ्या मते सर्वांत गंभीर आहे आणि ती दिसत नाही. इतवारीतल्या किराणा दुकानदाराच्या तराजूची ठरावीक मुदतीने पडताळणी होते आणि त्यावर शिक्का बसतो. पाव किलो साखरेसाठी आपण इतकी दक्षता घेतो. रुग्णाचे बळ मोजणाऱ्या उपकरणाला मात्र अनेक ठिकाणी खरेदीनंतर कोणी तपासत नाही. तेल झिरपते, कमान सैल होते, पडल्याने काटा सरकतो. प्रमाणित वजने टांगून वर्षातून किमान एकदा पाच, दहा, वीस, तीस किलोला काटा कोठे येतो हे पाहणे आणि वहीत लिहिणे, हे काम अर्ध्या तासाचे आहे. देणगीदाराच्या नावाची पाटी नव्या यंत्रावर लागते, पडताळणीच्या वजनांवर लागत नाही. तरीही यंत्राचा प्रत्येक आकडा खरा ठरतो तो त्या वजनांमुळे.

दमाची मोजणी

दमाच्या मोजणीचा पाया इटलीतील ट्युरिनचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला. त्यांच्या एर्गोग्राफ यंत्रात हात घट्ट बांधून फक्त मधल्या बोटाने ठरावीक लयीत वजन ओढायचे असे, आणि प्रत्येक ओढीची उंची कागदावर रेखली जाई. सुरुवातीच्या उंच रेघा हळूहळू खुजा होत शून्यावर येत. थकव्याचे चित्र असे डोळ्यांना दिसू लागले. आपल्या आजच्या बहुतेक साध्या उपकरणांत हेच चित्र हरवले आहे. ती फक्त कमाल आकडा दाखवितात. त्या कमाल बळाच्या निम्मे बळ निरोगी माणूस साधारणतः एक मिनिट टिकवू शकतो, कारण आवळलेल्या स्नायूत रक्ताचा पुरवठाच अडतो. हे टिकणे किती काळ चालले, हे पाहिल्याशिवाय दम कळत नाही.

विजेवर चालणाऱ्या लोडसेलमुळे ही उणीव आता स्वस्तात भरून काढता येण्यासारखी आहे. धातूच्या तुकड्यावर ताण आला की त्यावर चिकटविलेल्या सूक्ष्म तारेचा विद्युतरोध किंचित बदलतो. तो बदल मोजला की बळ कळते. बाजारातल्या साध्या लटकत्या वजनकाट्यात हेच तत्त्व असते. तो लहान संगणकाला जोडला, तर मोसोंची रेघ पुन्हा पडद्यावर उमटते आणि तीस सेकंदांत पकड कशी ओसरली ते रुग्णालाही दाखविता येते.

आपल्या शहरात या कामाला लागणारी बुद्धी आणि कारागिरी दोन्ही आहेत. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत डॉ. जे. पी. मोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायडलने फिरणाऱ्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दीर्घकाळ संशोधन केले. निरोगी माणूस दीर्घ वेळ पायडल मारून सुमारे ७५ वॉट, म्हणजे एका अश्वशक्तीचा दहावा भाग एवढीच शक्ती देऊ शकतो. विटा पाडण्याच्या यंत्राला तर एका वेळी कित्येक अश्वशक्ती हवी असते. म्हणून काही काळ पायडल मारून चाकात ऊर्जा साठवायची आणि मग ती थोड्या सेकंदांत कामाला लावायची, ही त्यांची युक्ती. मानवी शरीराचा दम किती आणि तो कोठे संपतो, हे नेमके ओळखल्यावाचून अशी रचना करता येत नाही. यंत्रासाठी हा हिशेब मांडणाऱ्या शहराला रुग्णासाठी तो मांडणे कठीण जाऊ नये. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपल्या विभागात बोलावून, बोटे वाकलेल्या हाताला पेलेल अशी मूठ किंवा खाटेला घट्ट बसणारी चौकट बनविण्याचे काम द्यावे, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे.

संपूर्ण शरीराचा दम पाहण्यासाठी सर्वांत उपयुक्त साधन मात्र आपल्या इमारतीतच आहे, ते म्हणजे लांब व्हरांडा. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, ही चाचणी हृदय व फुप्फुसांच्या विकारांत जगभर वापरली जाते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ साली तिचे नियम घालून दिले. ३० मीटरचा सपाट मार्ग, दोन्ही टोकांना खूण, आधी विश्रांती, दर मिनिटाला ठरलेल्या शब्दांतच उत्तेजन. येथे रुग्णांच्या नातेवाइकांना मी हात जोडून एक सांगतो. चाचणीच्या वेळी व्हरांड्यात सतरंजी, डबे, पिशव्या असतील तर रुग्णाला वळसा घालावा लागतो आणि त्याचे मीटर कमी होतात. तसेच प्रेमापोटी "बाबा, अजून जोरात, अजून जोरात" असे ओरडून धीर दिला, तर आजचा आकडा मागच्या महिन्याशी जुळत नाही. ते सहा मिनिटे आपण बाजूला उभे राहिलात, तर तीही रुग्णाची सेवाच होईल. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप असह्य झाली तर चाचणी तत्क्षणी थांबविली जाते, याविषयी निश्चिंत असावे. मे महिन्याच्या दुपारी ही चाचणी घेऊ नये, ती सकाळीच व्हावी आणि त्या वेळचे तापमानही लिहावे, हा नागपूरपुरता माझा नियम आहे.

वृद्धांसाठी याहूनही सोपी चाचणी आहे. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. त्याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंकडे लक्ष द्यावे असे आशियाई गट सांगतो. वाकणारी प्लास्टिकची खुर्ची त्यासाठी चालत नाही. भिंतीला टेकविलेली, न हालणारी लाकडी खुर्ची हवी, आणि दर वेळी तीच हवी.

मोठे यंत्र घ्यावे काय?

सांध्याची हालचाल ठरावीक वेगाने होऊ देऊन प्रत्येक अंशातले बळ मोजणारी यंत्रे १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विकसित झाली. क्रीडापटूंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आणि संशोधनात त्यांचा मोठा उपयोग होतो. त्यांची किंमत कित्येक लाखांच्या घरात जाते, वेगळी खोली आणि प्रशिक्षित माणूस लागतो, आणि एका रुग्णाच्या मोजणीला बराच वेळ जातो. अशा यंत्राला माझा विरोध नाही. तथापि ज्या विभागात बहुसंख्य रुग्ण पक्षाघाताचे, हाड मोडलेले, मधुमेहाचे आणि म्हातारपणाने थकलेले आहेत, तेथे आधी प्रत्येक रुग्णाची साधी मोजणी विश्वासाने होणे महत्त्वाचे आहे. मोठ्या यंत्रावर दिवसाला थोडेच रुग्ण बसतील. चांगला डायनामोमीटर, चिमटीचे उपकरण, श्वासाच्या दाबाचे उपकरण, पट्टे, भक्कम खुर्ची, मोजलेला व्हरांडा, प्रमाणित वजने आणि नोंदवही एवढ्यावर सर्व रुग्णांची मोजणी होऊ शकते.

नोंदवहीवर मी मुद्दाम भर देतो. त्याच 'प्युअर' अभ्यासाच्या संशोधकांना दक्षिण आशियातील लोकांची पकड युरोप आणि उत्तर अमेरिकेतील लोकांहून सरासरीने कमी आढळली. परदेशी तक्त्याशी तुलना केली तर आपला निरोगी माणूसही दुर्बळ ठरेल. म्हणून आपल्या रुग्णाची तुलना प्रथम त्याच्या स्वतःच्या मागील आकड्याशी आणि त्याच्याच दुसऱ्या हाताशी करावी. पकडीत दोन-तीन किलोचा फरक हा रोजचा चढउतार समजावा. पाच-सहा किलोंचा फरक झाला तर तो सामान्यतः खरा मानतात. हे नातेवाइकांनीही लक्षात ठेवावे, म्हणजे एका दिवसाच्या आकड्याने हुरळून किंवा खचून जाण्याची वेळ येणार नाही.

यासाठी विश्वस्त मंडळापुढे माझे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, साधी उपकरणे प्रथम घ्यावीत आणि त्यांच्या वार्षिक पडताळणीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. दुसरा, सर्व उपचारकांनी एकाच पद्धतीने मोजावे यासाठी वर्षातून दोनदा एकत्र सराव व्हावा. एकाच रुग्णाचे दोघांनी मोजलेले आकडे जुळतात की नाही, ते तेथेच पाहता येईल. तिसरा, प्रत्येक रुग्णाला त्याच्या मोजणीचे कार्ड द्यावे. ते कार्ड त्याच्या मालकीचे असावे आणि गावाकडच्या डॉक्टरांनाही त्याचा उपयोग व्हावा. पुढील वर्षीच्या अहवालात किती रुग्णांचे बळ आधी व नंतर मोजले गेले आणि त्यांपैकी कितींमध्ये खरी वाढ दिसली, हे आकडे आपल्यापुढे ठेवता यावेत, अशी माझी इच्छा आहे. आकडे अनुकूल नसतील तेही ठेवावेत.

देणगीदार सज्जनहो, आपण दिलेल्या दानाचे पुण्य मोजण्याचे उपकरण कोणाजवळ नाही. त्या दानातून एखाद्या माणसाच्या हाताची पकड १२ किलोवरून १९ किलो झाली, तो पुन्हा पाण्याची घागर उचलू लागला, एवढे मात्र आपण खात्रीने मोजू शकतो. त्या खात्रीसाठी आपले सहकार्य मागून मी आपली रजा घेतो.